झेंड्याची बादली

ज्या मनुष्याने तेहतीस हिवाळे एकाच अंगणात, एकाच जाळीवर मांस भाजून पंगती उठविल्या, त्याला तोंडावर 'तुमचा क्रमांक सव्विसावा' असे सांगणे म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखेच होय. डिसेंबरातील त्या रविवारी, सकाळी नवाच्या सुमारास, ऑगस्टिन ऊर्फ ऑगी ग्रुश्का ह्याच्यावर नेमका हाच प्रसंग गुदरला.

"कितवा?" ऑगीने विचारले. त्याच्या हातातला चिमटा तसाच अधांतरी राहिला.

"सव्विसावा. तीस स्टेडियमपैकी." ट्रेंट ओकली नावाचा तो तरुण अत्यंत नम्रपणे म्हणाला. त्याच्या अंगात राखाडी रंगाचा पातळ कोट होता, पायांत शहरी बूट होते आणि ते बूट घोट्यापर्यंत बर्फात रुतले होते. छातीशी धरलेल्या पाटीवर त्याने एक छापील तक्ता लावला होता. "म्हणजे सामन्याआधीच्या मेजवानीबाबत म्हणतोय मी. तुमच्या संघाबद्दल नाही."

"संघाबद्दल काही म्हणाला असतास ना," पलीकडून वर्नेटा पिट्स म्हणाली, "तर चाललं असतं. संघाला आम्हीपण शिव्या घालतो."

वर्नेटा शहराच्या पूर्व भागात बस चालवीत असे. तिच्यापुढे बिडाच्या भल्यामोठ्या कढईत कोंबडीचे पंख खळखळत होते. एकोणीस वर्षांपूर्वी ती तिकिटाविना, नुसती वासाच्या मागाने ह्या अंगणात शिरली, आणि तेव्हापासून एकाही रविवारी तिची कढई येथून चुकली नव्हती.

अंगण मात्र ह्या दोघांपैकी कोणाचेच नव्हते. ते होते आयरीन मॅकगिलिस ह्या एक्याऐंशी वर्षांच्या विधवेचे. रस्त्याच्या ह्या बाजूला तिचे पांढरे बैठे घर आणि त्या बाजूला बफेलोच्या फुटबॉल संघाचे अवाढव्य स्टेडियम. सामन्याच्या दिवशी लोक पहाटेपासून येत, गाड्या अंगणात लावीत, गाडीचे मागचे फळकूट खाली पाडून त्यावर ताटे मांडीत आणि दुपारी एकला खेळ सुरू होईतो खात, पीत व भांडत. आयरीनचा दिवंगत नवरा डेनिस आणि ऑगी हे दोघे शेजारच्या लॅकावाना गावच्या पोलादाच्या भट्टीवरचे कामगार. ती भट्टी कायमची थंडावली त्या आठवड्यात मुकादमाच्या डोळ्यांदेखत त्यांनी एक जाड पत्रा उचलून आणला व त्याला भोके पाडून भाजण्याची जाळी केली. ती उचलावयास चार माणसे लागत. त्या जाळीखाली आजही निखारे फुलले होते.

आयरीनबाईंचा नियम एकच, पण तो दगडावरची रेघ. सोमवारी सकाळी गवतावर काहीही दिसता कामा नये. ना खुंटी, ना खड्डा, ना राखेचा ठिपका. ह्याच नियमापायी झेंड्याची काठीदेखील जमिनीत कधी पुरली गेली नाही. रंगाच्या जुन्या बादलीत काँक्रीट ओतून त्यात ती उभी केलेली असे. दर रविवारी ती बादली दोघांनी धरून आणावयाची आणि संध्याकाळी दोघांनी परत गॅरेजात न्यावयाची. पूर्वी दुसरा हात डेनिसचा असे. चार वर्षांपासून तो वर्नेटाचा होता.

आता हे सारेच संपुष्टात येण्याची वेळ आली होती. ओकलीच्या कंपनीला रस्त्याच्या कडेची सगळी अंगणे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने हवी होती. तेथे ती तंबू ठोकणार, शेगड्या लावणार आणि स्वतःचे अन्न विकणार. बाहेरचा घास आणि बाहेरचा विस्तव आत येऊ द्यावयाचा नाही, ही तिची अट होती. चार शेजाऱ्यांनी सह्या केल्या होत्या. पाचवी सही आयरीनची, आणि ती आज दुपारी बाराला व्हावयाची होती. त्याकरिता तिचा मुलगा ब्रेंडन नॉर्थ कॅरोलायनाहून मुद्दाम आला होता.

"गुण कशाकशाचे देता म्हणायचं?" ऑगीने विचारले.

ओकलीने तक्ता वाचून दाखविला. "स्वच्छतागृहं, ऊब, बसण्याची सोय, पदार्थांची विविधता आणि रांगेत लागणारा वेळ."

"रांग?" वर्नेटा हसली. "इथे कुठली आलीय रांग! इथे ढकलाढकली असते."

"पहिला कोण आला?" ऑगीने विचारले.

"कॅलिफोर्नियातलं एक आहे. सावली, गालिचे, दर दहा पावलांवर गार पाण्याचा फवारा."

"गेलोय मी तिथे," ऑगी म्हणाला. "मी आणि डेनिस. वर्षातून एकदा आम्ही परक्या गावी सामना बघायला जायचो. अकरा स्टेडियमं पाहिलीत, पोरा, आणि तीसुद्धा जेवून पाहिलीत. तुझ्या त्या पहिल्या नंबरात शेजारच्याला नुसतं नाव विचारलं, तर त्याने मी खिसा कापल्यासारखं बघितलं. ग्रीन बेमध्ये एका बाईने आम्हाला मनगटाला धरून ओढत नेलं. बिअरमध्ये उकडलेली सॉसेज वाढली, वर परतीच्या वाटेसाठी डबा भरून दिला. कॅन्सस सिटीत एका बाबाने चौदा तास धुरावर ठेवलेलं मांस पुढ्यात ठेवलं आणि मी पहिला घास गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे टक लावून उभा राहिला. फिलाडेल्फियात तर आमच्या आईबापांचा उद्धार केला, आणि उद्धार करता करता ताट भरत गेले. ह्यांना काय दिलंस तू?"

ओकलीने खाली पाहिले. "ग्रीन बे विविधतेत कमी पडलं."

"ऐकलंस, वर्नेटा? कमी पडलं म्हणे."

"मिस्टर ग्रुश्का, मला तुमच्या भावना कळतात. पण..."

"भावना राहू दे. तुझे बूट ओले झालेत. विस्तवाजवळ उभा राहा," ऑगी म्हणाला आणि त्याने पाठ फिरविली.

ओकली घरात गेल्यावर वर्नेटाने झारा कढईच्या काठावर आपटला. "ऑगी, तू जाऊन आयरीनशी बोल. दोन शब्द गोड बोललास तर तुझी जीभ झडणार नाही."

"नाही बोलणार."

"अरे, सरळ विनंती कर की नको सही करूस म्हणून."

"घर तिचं, अंगण तिचं, गुडघे तिचे. गेल्या फेब्रुवारीत पायरीवर पडली तेव्हा तिचा पोरगा हजार कोसांवर होता, ही गोष्ट खोटी आहे का? त्याला धास्ती वाटते त्यात त्याचं काय चुकलं? मी भीक मागितली आणि तिने माझ्यासाठी नाही म्हटलं, तर मी दर रविवारी तिचं देणं लागल्यासारखा इथे उभा राहीन. ते मला जमणार नाही. पण बारा वाजेपर्यंत हे अंगण आपलं आहे. तोवर ह्या तक्तेवाल्यापुढे मी एक कोळसा कमी टाकणार नाही."

असे बोलून त्याने जाळीखाली दुप्पट कोळसे लोटले. हट्ट हा गुण की अवगुण, ह्याविषयी थोरामोठ्यांत मतभेद असतील. परंतु शून्याखालच्या थंडीत, एरी सरोवरावरून बोचरा वारा सुटला असता, हट्टाइतकी ऊब दुसरे काहीही देत नाही, हे त्या अंगणात कोणीही सांगितले असते.

दहा वाजले, साडेदहा झाले. वीसबावीस गाड्या लागल्या. सॉसेज फुटून रस टपकू लागला. मीठ आणि शहाजिरे पेरलेल्या पावांत मांसाचे पातळ काप भरून तयार होते, आणि नाकात झिणझिण्या आणणारे हॉर्सरॅडिशचे मूळ ऑगीने स्वतः किसून ठेवले होते. पण कोणी एक घासही तोंडात घालीना. कारण येथे एक दंडक होता आणि तो डेनिसने घातलेला होता. पहिले ताट शत्रूचे. प्रतिपक्षाचा जो पहिला माणूस अंगणाजवळून जाईल, त्याला यथेच्छ चिडवावयाचे, आत ओढावयाचे आणि सर्वांआधी जेवू घालावयाचे. त्यानेही दुधाच्या खोक्यावर उभे राहून आपल्या मैदानावर कशी पंगत होते ते सांगावयाचे. त्याखेरीज कोणी ताटाला हात लावावयाचा नाही.

त्या दिवशी प्रतिपक्ष मायामीचा होता आणि मायामीकर अशा थंडीत गाडीतून उतरावयास तयार नव्हते. अकरा वाजले तरी शत्रू मिळेना.

"अरे, कुणीतरी मायामीवाला पकडून आणा रे!" मागून कोणीतरी ओरडले. "पोटात कावळे ओरडतायत!"

"कोपऱ्यावर एक दिसला होता, पण कुडकुडत पळाला!"

"पळू कसा दिलास? पाय बांधायचे होते की!"

ह्या गडबडीत ब्रेंडन घराच्या ओट्यावर आला. पन्नाशीचा, नीटनेटका, मनाने वाईट नव्हे असा गृहस्थ. मागे आयरीनबाई डेनिसची लोकरी टोपी कानांवर ओढून खुर्चीत बसल्या होत्या. ओकलीने आपल्या कंपनीच्या मेजवानीचा नमुना म्हणून काही बंद डबे आणले होते. ब्रेंडनने एक डबा उघडला, त्यातला कोंबडीचा पंख उचलला, पांढऱ्या पातळ चटणीत बुडविला आणि चवीने चावला.

वर्नेटाचा झारा कढईतच थांबला.

"ते काय आहे?" वर्नेटाने विचारले.

"पंख," ब्रेंडन म्हणाला. "छान झालेत खरं तर."

"ते दिसतंय मला. बुडवलास कशात?"

ब्रेंडनने डब्याकडे पाहिले. त्याचा चेहरा उतरला. "रँच आहे वाटतं."

ज्या गावात पंखांबरोबर ब्ल्यू चीजच्या चटणीखेरीज दुसरे काही मागणाऱ्याला वेटर दुसऱ्यांदा विचारून खात्री करून घेतो, त्या गावात जन्मलेल्या मुलाने, शत्रूचे ताट वाढण्यापूर्वी, बापाच्या अंगणात, रँच खाल्ले होते. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

"वीस वर्षं झाली तिकडे जाऊन, आई," ब्रेंडन ओशाळून म्हणाला. "तिकडे हेच मिळतं."

आयरीनबाई पुढे वाकल्या. त्यांनी हातरुमाल काढून मुलाच्या हनुवटीला लागलेला पांढरा थेंब पुसला, तो सात वर्षांचा असावा तसा.

साडेअकरा झाले. ऑगीला आपली पोटे जळत आहेत ह्याहून अधिक एका गोष्टीचा खेद वाटत होता. शेवटच्या दिवशी दंडक मोडून जेवावे लागणार, ह्याचा. तेवढ्यात वर्नेटा झारा ओट्याकडे रोखून ओरडली, "काय रे आंधळ्यांनो, शत्रू शत्रू काय करताय? तो बघा, समोर उभा आहे की पाटी घेऊन!"

सर्वांचे डोळे ओकलीकडे वळले. ऑगीच्या कपाळाची शीर ताठ झाली. ज्या माणसाने आपल्याला सव्विसावे ठरविले, जो आपला विस्तव विझवावयास आला, त्याला आपल्या हाताने वाढावयाचे? क्षणभर त्याला वाटले, आज उपाशी राहू. पण मग डेनिसचा आवाज आठवला. शत्रू आवडता असता तर त्याला शत्रू कशाला म्हटलं असतं रे?

"ये, ओकली!" तो गरजला. "खाली ये. जेवल्याशिवाय तुझी सुटका नाही."

"मी कामावर आहे, मिस्टर ग्रुश्का..."

"आम्हीपण कामावरच आहोत. ये!"

दोघांनी ओकलीला खांद्यांना धरून आणले. "सव्विसाव्या नंबरचं खातोस का रे?" "हातमोजे काढ, नाहीतर तेपण खाशील!" "अरे, त्याला शेगडी द्या, तंबू द्या, नाहीतर गुण कापेल!" असा चहूकडून मारा चालू असता ऑगीने ताट भरले. कंजूषपणा केला नाही. उलट सर्वांत फुगलेले सॉसेज, सर्वांत कुरकुरीत पंख आणि हॉर्सरॅडिशचा असा ढीग वाढला की पहिल्या घासाबरोबर ओकलीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तो ठसकला, नाक पुसले आणि पुन्हा खाऊ लागला. ताट निपटून होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

"आता खोक्यावर," वर्नेटा म्हणाली. "तुझ्या मैदानावर कसं असतं ते सांग."

ओकली खोक्यावर चढला. सवयीने त्याने तक्ता पाहिला. "माझ्याकडे तीसही स्टेडियमची माहिती..."

"ती पाटी इकडे दे. तुझं मैदान विचारलं."

"माझं असं काही नाही."

"सगळ्यांचं असतं. पहिल्यांदा कुणी नेलं होतं तुला?"

ओकलीने पाटी खाली दिली आणि ती हातोहात ओट्यावर पोहोचली. मग त्याने ओहायोमधल्या आपल्या गावाचे नाव घेतले. लगेच अंगणातून 'हूं' असा तिरस्काराचा सूर उमटला, कारण त्या गावाशीही येथील लोकांचे जुने वैर होते. त्या सुराने का होईना, पण त्याची जीभ मोकळी झाली.

"बाबा न्यायचे. ते बेकरीत होते. सॉसेज हमखास करपवायचे. हमखास! पाऊस पडला की गाडीचं मागचं झाकण उघडून त्याच्याखाली आम्ही सातआठ जण चिकटून उभे राहायचो. शेजारी एक लॉरीवाला होता, तो दरवेळी म्हणायचा, 'तुझ्या बापाने पावाला हात लावावा, मांसाला लावू नये.'"

लोक हसले. त्यालाही हसू आले.

ओट्यावरून आयरीनबाईंनी विचारले, "ती जागा तुझ्या त्या कागदावर कितवी आहे?"

सकाळपासून बाईंनी काढलेला हा पहिला शब्द. ओकलीने वर पाहिले. "दुसरी, मॅडम. तिथे आमचे तंबू आहेत. आमच्या कंपनीने सुरू केलेली पहिलीच जागा."

"आणि बाबा? येतात का?"

"बाबा..." तो थांबला. "नाही. हल्ली नाही येत."

"गेले का?"

"नाही, नाही. ठणठणीत आहेत." त्याने रिकाम्या ताटाकडे पाहिले. "तिथे आता स्वतःचं खाणं नेता येत नाही. ते म्हणतात, मग मी काय करपवू?"

आयरीनबाई खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उभ्या राहिल्या. ब्रेंडन आधार द्यावयास धावला, त्यांनी त्याचा हात घेतला आणि पायऱ्या उतरून, बर्फातून, थेट झेंड्यापाशी आल्या.

"ऑगी."

"बोला, आयरीन."

"ही बादली मला कधीच आवडली नाही. बावळट दिसते. झेंडा आहे की सर्दी झालेल्याचा रुमाल?"

"तुमचाच नियम होता ना, गवतावर काही..."

"माझा नियम मला शिकवू नकोस. काठी सोडव. जमिनीत पूर. चांगली खोल. सोमवारी निघता कामा नये. कधीच निघता कामा नये."

ब्रेंडनने हळूच म्हटले, "आई, कागदात लिहिलंय, अंगण मोकळं द्यायचं."

"म्हणूनच सांगतेय," बाई म्हणाल्या. "ओकली, तुझा कागद परत ने. रागावू नकोस हो. आणि वडिलांना म्हणावं, इथे करपवायला या."

"पण तू पडलीस तर? पुन्हा पडलीस तर, आई?" ब्रेंडनने आईचा हात घट्ट धरला.

"आठ मिनिटांवर राहतो मी," ऑगी म्हणाला. "फेब्रुवारीत मीच उचललं होतं. गरज पडली तर पुन्हा उचलीन."

"आणि ऑगी पडला तर बस घेऊन मी येते," वर्नेटा म्हणाली. "प्रवाशांसकट."

बाई मुलाकडे वळल्या. "तुला काळजी वाटते ना? मग महिन्याला ये. फोनवर काळजी करून पायरीवरचं बर्फ निघत नाही. आता फावडं आण."

लोकांनी भराभर ताटे संपविली आणि काठी काँक्रीटलगत करवतीने कापून मोकळी केली. बारा वाजून वीस मिनिटांनी खणावयास सुरुवात झाली, आणि मग सर्वांना उमगले की आपण केवढे संकट ओढवून घेतले आहे. डिसेंबरातील ती जमीन लोखंडासारखी गोठली होती. फावडे टणकन उसळून परत येई. ऑगीने जाळीवरले निखारे ओतून जमीन तापविली, मग पहार मारली. वीतभर माती निघाली. पुन्हा निखारे, पुन्हा पहार. शेजारी, ज्यांनी सह्या केल्या होत्या, तेही कुंपणाशी येऊन उभे राहिले. त्यांतल्या एकाने न बोलता आपली कुदळ कुंपणावरून पुढे केली.

पाऊण वाजता लोक स्टेडियमकडे निघू लागले. ज्याच्या त्याच्या खिशात तिकीट होते. तेहतीस वर्षांत ऑगीचा सामन्याचा पहिला क्षण कधीही चुकला नव्हता. त्याने एकदा रस्त्यापलीकडे पाहिले, कोट काढून कुंपणावर टाकला आणि पहार पुन्हा उचलली.

"जा, ऑगी," वर्नेटा म्हणाली. "मी बघते."

"तू जा."

"मी? आणि तुला एकट्याला फुकटचं श्रेय? वेडा आहेस का?"

ब्रेंडन गुडघ्यांवर बसून हातांनी माती उपसत होता. त्याचा नीटनेटका कोट चिखलाने माखला होता. ओकलीने मात्र काठी उभी धरली होती, कारण पहिले ताट ज्याने खाल्ले त्याने काठी धरावी असे वर्नेटाने तेथल्या तेथे ठरविले होते आणि कोणी त्यास हरकत घेतली नव्हती. त्याची पाटी ओट्यावर पडली होती आणि तक्त्यावर बर्फ साचत होते.

एक वाजून गेला. खड्डा मांडीपर्यंत खोल झाला. काठी आत सोडून ते दगड ठोकीत असता रस्त्यापलीकडून एकाएकी सत्तर हजार कंठांची गर्जना उठली. ती गर्जना अशी की ओट्याची काच थरथरली. ओकलीने दचकून विचारले, "काय झालं?"

"आपल्यांनी गुण घेतला," ऑगी म्हणाला. त्याने पाहिलेही नाही. गर्जना कोणाच्या बाजूची, हे त्याला तळपायातून कळत असे.

"अरेरे, बघायचं चुकलं तुमचं."

"काय चुकलं?" ऑगीने शेवटचा दगड टाचेने दाबला आणि दोन्ही हातांनी काठी हलवून पाहिली. ती तसूभरही हलली नाही. "बादलीला दुसरा हात लाव, ओकली. गॅरेजात ठेवू. नको, गॅरेजात कशाला? रस्त्याच्या कडेला ठेवू. नेईल कुणीतरी."